जुनी महागडी गाडी आणि आईची ग्रॅच्युइटी



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपल्यावर वस्तीतील एक ताई आम्हांला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिशेबाचे माणूस. पोराने गाडी पसंत केली, एकदा पाहून द्या ना." ताई तीस वर्षे झाडूकाम करून नुकत्याच सेवानिवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी बँकेत पडली आहे. मुलगा ड्रायव्हर. गाडी एका परदेशी कंपनीची, १४ वर्षांची. नवी होती तेव्हा पस्तीस लाखांच्या वर, आता मागतात पावणेचार लाख.

बड्या गाडीत आपल्या माणसाने बसू नये म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. ज्यांच्या आजोबांना गावात वहाणा हातात घेऊन चालावे लागले, त्यांच्या नातवाला असे स्टिअरिंग हाती धरावेसे वाटले तर त्यात वावगे काय? फक्त पैसा आईचा आहे, म्हणून आम्ही गेलो.

गाडी चकाचक होती. मीटरवर ९२ हजार किलोमीटर. आम्ही कारकून माणूस, इंजिनापेक्षा कागद आधी पाहतो. डॅशबोर्डच्या खणात २०१८ चे सर्व्हिसिंगचे एक बिल सापडले, त्यावर लिहिले होते १,४६,०००. सात वर्षे गाडी उलटी चालली काय, असे विचारले तर विकणारा म्हणतो, "मीटर बदललं असन, भाऊ."

जास्त चाललेली गाडी वाईटच, असे मात्र नाही. ग्रीस देशातील ग्रेगोरिओस साकिनिडिस या टॅक्सीवाल्याने १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालविली आणि २००४ साली ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली. त्यानेही ती वापरलेलीच घेतली होती. पण इंजिने अनेकदा बदलली, देखभाल कधी चुकविली नाही. शिवाय त्या साध्या डिझेल गाडीत आजच्यासारखी डझनावारी इलेक्ट्रॉनिक यंत्रे नव्हती. दोन लाख चाललेली आणि सगळी बिले जपलेली गाडी आम्ही घेऊ. बिलाविना नव्वद हजारांची घेणार नाही.

वयाचा मार वेगळाच. लोखंड टिकते, रबर आणि प्लास्टिक टिकत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात पाण्याचे पाइप, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाक्या, सस्पेन्शनचे बुश कडक होऊन तडकतात. टायमिंग बेल्ट असलेल्या गाडीत तो पट्टा तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावे लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कधी बदलले, हे विचारायचे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही.

नागपूरकरांनी आणखी एक पाहावे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीला पूर आला, किती तरी गाड्या पाण्यात गेल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून सुंदर दिसते, पण वायरिंग आतून सडत राहते. गालिचा उचलून बघा, सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का पाहा, कोंदट वास घ्या.

मुलाचे म्हणणे, लग्नाला भाड्याने देऊ, पैसे सुटतील. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे. तशात अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. या गाडीच्या नोंदणीची १५ वर्षे पुढल्या सालीच भरतात. मग नूतनीकरणाची फी, जी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० झाली, शिवाय पर्यावरण कर, आणि ते फक्त पाच वर्षांसाठी. जुन्या मालकाच्या कर्जाचा बोजा आर.सी.वरून उतरला की नाही, हेही पाहिले पाहिजे.

बी.कॉम.ला आम्ही घसारा शिकलो. गाडीची किंमत दरसाल घटते. तिच्या सुट्या भागांची घटत नाही. पावणेचार लाखांच्या गाडीला भाग लागतात ते पस्तीस लाखांच्याच गाडीचे. ओळखीच्या मिस्त्रीने नुसते सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स धरून दोन लाखांचा अंदाज सांगितला. ताईंनी तो आकडा दोनदा विचारला.

मिस्त्रीकडे स्कॅनर आहे. काही गाड्यांत मीटर मागे फिरविला तरी दुसऱ्या यंत्रात खरे किलोमीटर राहून जातात, म्हणून स्कॅनर लावून पाहू, असे आम्ही सुचविले. विकणाऱ्याने साफ नकार दिला. मुलगा दोन दिवस आमच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. सहा वर्षांची एक छोटी गाडी पाहिली आहे, सगळी बिले आहेत म्हणतो. रविवारी मिस्त्रीला घेऊन जाणार आहोत. त्याची फी ताई देणार आहेत.