प्रकल्प विकत घेऊ नका, प्रश्न घेऊन गावात जा

पालम तालुक्यातून कॉलेजला जाणाऱ्या आणि बी. ए.ला मानसशास्त्र घेतलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. त्यांच्या आईवडिलांनीही वाचावं. पोरगी शेजारच्या गावात लोकांना प्रश्न विचारत फिरणार म्हटल्यावर पहिली हरकत घरातूनच निघते.

नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून सुरू झाला. क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग प्रकल्प ही नावं आता अभ्यासक्रमात आहेत, आणि चौथं वर्ष करणाऱ्याला संशोधनासह ऑनर्सची पदवी घेण्याची वाट आहे. विद्यार्थ्याने स्वतः काही शोधून पाहावं, ही मागणी चांगलीच आहे. पण ती भागवायचा चोरदरवाजाही सगळ्यांना ठाऊक आहे. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतो. पहिल्या पानावरचं नाव बदलायचं, स्पायरल मारून घ्यायचं, सही घ्यायची, विषय संपला. आतले आकडे कुणाला विचारून काढलेलेच नसतात. शंभर विद्यार्थी, पन्नास मुलगे, पन्नास मुली, आणि शेवटी 'मोबाइलचा अभ्यासावर विपरीत परिणाम होतो' असा ठरलेला निष्कर्ष.

तो घेऊ नका. ती फसवणूक आहे, हे एक कारण झालंच. मला त्याहून जास्त टोचतं ते हे, की त्यात तुमचं गाव कुठेच नसतं.

2008 मध्ये जेफ्री आर्नेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्याच देशातली सहा नामांकित नियतकालिकं तपासली. प्रयोगांना बसलेली, प्रश्नांना उत्तरं दिलेली माणसं कुठली होती, हे त्याने मोजलं. 96 टक्के माणसं पाश्चात्त्य औद्योगिक देशांतली निघाली. जगाच्या लोकसंख्येत त्या देशांचा वाटा साधारण 12 टक्के. पुढे 2010 मध्ये जोसेफ हेन्रिक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी हाच धागा धरून विचारलं, की इतक्या थोड्या आणि इतक्या वेगळ्या लोकांवरून 'माणसाचं मन असं असतं' हे आपण कशाच्या जोरावर सांगतो? स्मृती, अवधान, ताण, प्रेरणा यांबद्दल तुमच्या पाठ्यपुस्तकात जे छापलं आहे, त्यातलं पुष्कळसं अशाच अभ्यासांतून आलेलं आहे. आरखेडचा, फळ्याचा, उमरथडीचा माणूस त्यात नाही. त्याला तिथे नेऊन बसवायला अमेरिकेतून कुणी येणार नाही. तुम्हाला त्याची बोली येते, त्याच्या ओसरीवर बसता येतं, म्हणून हे काम तुमचं.

प्रश्न शोधायला लांब जावं लागत नाही. पावसाळ्यात लेंडीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट बंद होते, पोरं घरी अडकतात. परीक्षेच्या तोंडावर असं झालं तर त्यांच्या जिवाची किती घालमेल होते, आणि ती कशाने कमी होते? ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या की आईबाप कारखान्यावर आणि पोरगं गावात आजीजवळ, नाहीतर हंगामी वसतिगृहात. गावात राहिलेलं पोरगं आणि आईबापांबरोबर फडावर गेलेलं पोरगं, या दोघांच्या एकाग्रतेत काही फरक पडतो का? तांड्यावरचं मूल घरी गोरमाटी बोलतं आणि शाळेत गणित मराठीत शिकतं. मनातल्या मनात बेरीज ते कोणत्या भाषेत करतं? हे प्रश्न पुण्यातल्या विद्यार्थ्याला सहसा सुचणार नाहीत. सुचले तरी त्याला ही माणसं भेटायची कुठे?

एक प्रयोग जरा जवळून सांगते, म्हणजे 'आमच्याकडे लॅब नाही' ही सबब उरणार नाही. 1935 मध्ये टेनेसी राज्यातल्या जॉन रिडली स्ट्रूप याने आपल्या पीएच.डी.चं हे काम प्रसिद्ध केलं. मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ते आजही करवून घेतात. शंभर रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी 63 सेकंद लागले. मग चौकोनांच्या जागी शब्द आले, आणि शब्द एका रंगाचा तर शाई दुसऱ्याच रंगाची, म्हणजे 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. वेळ 110 सेकंदांवर गेला. चांगलं वाचता येणाऱ्याला समोरचा शब्द न वाचता राहताच येत नाही, आणि तिथेच तो अडखळतो.

आता हा प्रयोग पालमला आणू. 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढची निरक्षर माणसं अक्षरं शिकतात, परीक्षाही देतात. उतारवयात वाचायला शिकलेल्या बाईचं वाचन असं आपोआप होतं का, की तिला अजून एकेक अक्षर जुळवावं लागतं? जुळवावं लागत असेल, तर हिरव्या शाईतला 'लाल' तिला फारसा अडवणार नाही; शाळेत शिकलेल्या तिच्या सुनेला मात्र अडवील. सासू सुनेपेक्षा कमी अडखळली, असं निघालं तर ते वाचण्यासारखं संशोधन आहे, आणि त्याला लागतं काय? पांढरा कार्डशीट, चार रंगांचे स्केचपेन, मोबाइलमधलं स्टॉपवॉच. पिवळा रंग टाळा, पांढऱ्यावर तो वयस्क डोळ्यांना दिसत नाही. आधी नुसत्या चौकोनांवर वेळ मोजून घ्या, नाहीतर मोतीबिंदूने लावलेला उशीर तुम्ही वाचनाच्या खात्यावर टाकाल. वय वाढलं की सगळाच वेग मंदावतो, म्हणून सासूच्या वयाची, पण लहानपणी शाळा शिकलेली चार माणसंही घ्या. वीस सासवा आणि वीस सुना मिळाल्या तरी पदवीच्या प्रकल्पाला पुष्कळ झालं. हर्मान एबिंगहाउसने 1885 मध्ये स्मृतीवर जे पुस्तक काढलं, त्यात प्रयोगाला बसलेला माणूस एकच होता, तो स्वतः.

प्रश्नावली घेऊन जाणार असाल, तर तिच्या पहिल्या पानापासून सावध असा. आपल्याकडच्या विभागांत आग्र्याहून मागवलेल्या छापील चाचण्या असतात. त्यांची प्रमाणकं कोणत्या लोकांवर काढली, ते सोबतच्या पुस्तिकेत असतं. ते वाचल्याशिवाय गुण मोजायला बसू नका. शहरातल्या कॉलेजच्या पोरांवर काढलेलं प्रमाणक ऊसतोड मजुराला लावायचं आणि 'समायोजन निम्न पातळीचे आढळले' असं लिहायचं, हा त्या माणसावर अन्याय आहे.

'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' ही पाच घरंही कागदाची सवय असलेल्यांसाठी ठीक. आजींपुढे वाचून दाखवली की त्या म्हणतात, "बरंय की माय, लिही तुला वाटंल ते." इथे तुम्ही आपल्या मनाने टिक केली की झेरॉक्सच्या दुकानातला प्रकल्प आणि तुमचा प्रकल्प यांत काही फरक राहिला नाही. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने यावर एक चांगली युक्ती काढून ठेवली आहे. शिडीचं चित्र काढायचं. सगळ्यात वरची पायरी म्हणजे मनासारखं आयुष्य, सगळ्यात खालची म्हणजे नको नको झालेलं. आज तुम्ही कुठल्या पायरीवर, त्यावर बोट ठेवा. 1965 मध्ये त्याने हे पुस्तकात मांडलं आणि जागतिक आनंद अहवालासाठी देशोदेशीच्या लोकांना आजही हाच प्रश्न विचारतात. आजींना शिडी कळते. बोट ठेवतात आणि तिथंच का ठेवलं, तेही सांगतात. ते सांगणं टिपून घ्या, बऱ्याचदा आकड्यापेक्षा त्यात जास्त सापडतं.

दुसरी अडचण अशी, की लोक तुम्हाला सर्वेवाले समजतात. कागद-पेन दिसला की अतिवृष्टीचं अनुदान आलं, घरकुलाची यादी निघाली. मग कुणी हाल वाढवून सांगतो, कुणी रेशनकार्डावर गदा येईल म्हणून झाकून ठेवतो. म्हणून बसल्या बसल्या स्वच्छ सांगा: मी कॉलेजात शिकते, ह्यातून तुम्हाला काही मिळणार नाही, तुमचं काही जाणार नाही, नाव मी लिहिणार नाही, आणि नको वाटलं तर मधेच थांबा. काही जण तेवढ्यावर उठून जातील. जाऊ द्या. उरतील ते खरं सांगतील. आणि एकटं गाठा. सासू शेजारी बसलेली असताना सुनेला घरातल्या ताणाबद्दल विचारलं, तर जे उत्तर मिळतं ते सासूला दिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर गूगल फॉर्म सोडून घरी बसणाऱ्यांनाही हेच सांगेन. फोन भावाच्या हातात असला तर बहिणीच्या नावाने टिका कुणी केल्या, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर पालकांची लेखी संमती घ्या, आणि मुलालाही विचारा. आई हो म्हणाली म्हणून पोराचा होकार धरून चालू नका. एका विषयाबद्दल माझं मत मी मुळीच मवाळ करणार नाही. आपल्या भागात शेतकरी आत्महत्यांचं दुःख आहे, तो विषय घ्यावा असं संवेदनशील मुलांना वाटतं. पदवीच्या विद्यार्थ्याने त्यासाठी त्या घरांत जाऊ नये. जखम उघडायची आणि बांधायला हाताशी काही नाही, असं होतं. साध्याच प्रश्नांना उत्तर देताना कुणी 'जगावंसं वाटत नाही' असं बोलून गेलं, तर कागद बाजूला ठेवा, माणसाजवळ बसा, घरातल्या विश्वासाच्या माणसाला आणि आपल्या मार्गदर्शकाला त्याच दिवशी सांगा. टेली-मानसचा 14416 हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीतून बोलता येतं. तो फोन तिथं बसूनच लावून द्या.

उत्तरं गोळा झाली, हिशोब मांडला, आणि फरकच निघाला नाही. इथे मुलं घाबरतात आणि आकडे हलवायला लागतात. 2015 मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांत 97 टक्क्यांना फरक सापडलेला होता. पुन्हा करताना तो 36 टक्क्यांतच सापडला. मोठमोठ्या प्रयोगशाळांतून आलेल्या निष्कर्षांची ही गत, तर तुम्ही 'फरक आढळला नाही' असं प्रामाणिकपणे लिहिण्यात कमीपणा कसला? फक्त का आढळला नसेल, यावर एक पान विचार करून लिहा. आणि दोन गोष्टी बरोबर वाढताना दिसल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं म्हणू नका. मोबाइल जास्त बघणाऱ्याचे गुण कमी असतील. पण अभ्यासात मन लागत नाही म्हणूनही पोरगं मोबाइल बघत असेल.

मग मांडणी. कॉलेजातून निवड झाली तर आविष्कार संशोधन महोत्सवात जाता येतं, नांदेडच्या विष्णुपुरीला आपल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या फेरीत, आणि तिथून राज्यपातळीवर. पदवीच्या विद्यार्थ्यांचा गट वेगळा असतो, त्यामुळे एम. ए., पीएच.डी.वाल्यांशी तुमची स्पर्धा नसते. आधी पोस्टर, त्यातून निवडलेल्यांचं व्यासपीठावरचं सादरीकरण. फ्लेक्सवर सगळा अहवाल कोंबू नका. प्रश्न, कुणाला विचारलं, काय निघालं, एक आलेख, बस. परीक्षक पोस्टर वाचत बसत नाहीत, ते तुम्हाला विचारतात: हीच माणसं का घेतली? चाचणीची विश्वसनीयता किती? सुनांनीच जास्त वेळ का घेतला? ज्याने स्वतः ओसरीवर बसून विचारलेलं असतं, त्याला यातलं बहुतेक सगळं सांगता येतं, तेही मराठीत आणि ताठ मानेने. जे येत नाही तिथे 'हे मी तपासलं नाही' म्हणा. आदल्या दिवशी घरी आईला समोर बसवून सगळं सांगून बघा. तिला कळलं नाही ती जागा तुम्हालाही पुरती कळलेली नाही.

आईवडिलांना विनंती आहे. मुलीला एकटीला पाठवायचं नसेल तर मैत्रिणीबरोबर पाठवा, एखाद्या दिवशी तुम्ही बरोबर जा आणि पारावर बसा, पण जाऊ द्या. आणि उद्या दुसऱ्याची पोरगी वही घेऊन तुमच्या दारात आली तर पाणी द्या, तिला तिच्या कॉलेजचं पत्र मागा, कशासाठी विचारतेस ते विचारा, आणि पटलं तर खरं सांगा. तिला बरं वाटावं म्हणून गोड उत्तरं देऊ नका.

निकाल लागल्यावर त्याच घरांत परत जायचं राहून जातं, ते राहू देऊ नका. दोन पानं साध्या मराठीत लिहा, नावं-गावं ओळखू येणार नाहीत अशी, आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना वाचून दाखवा. एक प्रत गावच्या शाळेत मुख्याध्यापकांकडे ठेवा.

वेळेचं गणित मात्र आत्ताच करा. ऊसतोडीच्या घरांत विचारायचं असेल तर टोळ्या दसऱ्याच्या पुढे निघू लागतात. डिसेंबरात प्रकल्पाची आठवण झाली तर दाराला कुलूप भेटेल. पुराचा प्रश्न घेतला असेल तर पावसाळ्याआधी एकदा आणि पुराच्या दिवसांनंतर एकदा, असं दोनदा विचारावं लागेल. उल्लासच्या बायकांना सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत फुरसत नसते, त्यांना संध्याकाळीच गाठायला हवं. तेव्हा या आठवड्यात मार्गदर्शकाकडे जाताना एक कागद न्या. वर एका ओळीत तुमचा प्रश्न, खाली कुणाला विचारणार, कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात.