पीसीओएस, चाकरमानी आणि थोडं गणित

शनिवार आहे, हातात चहा आहे, तेव्हा थोडं गणित करू. घाबरू नका, आठवीच्या वरचं नाही.

आमच्या बिरवाडीकडे लग्नाला दोन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही की बोलणी सुरू होतात. हळदीकुंकवाला 'काय गं, गोड बातमी कधी?' हे हक्काने विचारलं जातं. वर्षभराने विचारणं बंद होतं आणि ओटी भरताना हात आखडतो. ते जास्त लागतं. मग कुणी कौल लावायला सांगतं, कुणी मुंबई-पुण्याच्या आयव्हीएफ सेंटरचा पत्ता देतं. त्यात त्या मुलीला पीसीओएस आहे असं कळलं की संपलंच. 'तिला गाठी आहेत म्हणे!'

मला यातला 'दोन वर्षं' हा आकडाच खटकतो. का, ते सांगतो.

बीज अंडाशयातून बाहेर पडलं की जेमतेम एक दिवस टिकतं. शुक्राणू फार तर पाच दिवस. म्हणजे एका पाळीत उपयोगाचे दिवस साधारण सहा. पाळी २८ दिवसांची असेल तर वर्षात अशा १३ संधी. पीसीओएसमध्ये पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येते, म्हणजे बीजच तेवढ्या अंतराने बाहेर पडतं. वर्षाला समजा ५ संधी. त्याही कधी येणार ते आधी कळत नाही, कारण पाळी येते ती बीज सुटल्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. गाडी गेल्यावर स्टँडवर घोषणा व्हावी तसं.

आता यात आपल्या महाड-पोलादपूरची भर घाला. नवरा मुंबईला, बायको सासू-सासऱ्यांजवळ गावी. एमआयडीसी दाराशी असली तरी चाकरमानी संपलेला नाही. तो महिन्यातून एकदा शनिवार-रविवार येतो असं धरू. त्याचे दोन दिवस तिच्या सहा दिवसांत कुठेतरी बसण्याची शक्यता तीसात सात, म्हणजे पावच्या आसपास. पाच गुणिले पाव. वर्षाला जेमतेम एक संधी! आणि संधी साधली तरी तरुण, निरोगी जोडप्यातसुद्धा दर वेळी गर्भ राहत नाही. चारातून एकदा राहिला तरी चांगलं म्हणायचं.

म्हणजे 'दोन वर्षं झाली' याचा खरा अर्थ 'दोनदा प्रयत्न झाला' एवढाच. दोनदा नाणं उडवून छापा आला नाही म्हणून नाणंच खोटं ठरवायचं का? हिशोब ढोबळ आहे, मान्य. पण लग्नाची वर्षं मोजणं त्याहून ढोबळ आहे. माझं म्हणणं एवढंच, वर्षं मोजू नका, संधी मोजा.

संधी मोजायला लागलं की उपचारांकडेही वेगळ्या नजरेने बघता येतं. डॉक्टरांचं काम मुख्यतः दोन गोष्टींचं, संधींची संख्या वाढवणं आणि त्यांची तारीख आधी कळेल असं करणं.

पण आधी त्या 'गाठी'. शिकागोच्या स्टाइन आणि लेवेन्थल या डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांवरून या विकाराचं वर्णन केलं आणि पुढे नावात 'सिस्ट' चिकटलं ते चिकटलंच. सोनोग्राफीत दिसतात त्या अर्धवट वाढून थांबलेल्या बीजांच्या पिशव्या. त्या काढून टाकायच्या गाठी नव्हेत. आणि नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरतही नाही. २००३ च्या रॉटरडॅम निकषांप्रमाणे अनियमित पाळी, पुरुषी हार्मोनचं जास्त प्रमाण आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तीनांपैकी दोन गोष्टी लागतात, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणं आधी तपासावी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हा त्रास असतो. म्हणजे वर्गात तीस मुली असतील तर तीन-चार. इतकी सर्वसाधारण गोष्ट कुजबुजत का बोलायची?

'पण ती तर काडीसारखी आहे, तिला कसं?' हा पुढचा प्रश्न. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र ब्रिटिश माणसात ९.१ टक्के आणि याज्ञिकांत २१.२ टक्के! आपण बारीक दिसतो, पण आतून तसे असतोच असं नाही. इन्सुलिन नीट काम करेनासं झालं की ते रक्तात वाढतं आणि अंडाशयाचं वेळापत्रक बिघडवतं. वजन जास्त असेल तर पाच-दहा टक्के उतरल्यानेही काहींची पाळी रुळावर येते. बारीक असेल तर उपाशी ठेवू नका, चालणं आणि व्यायाम तिलाही उपयोगी.

मग येते मधली पायरी, जी आपल्याकडे सर्रास गाळली जाते. लेट्रोझोल नावाची गोळी पाळीच्या सुरुवातीला साधारण पाच दिवस देतात. महागडी नाही. अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या अभ्यासात (२०१४) या गोळीने २७.५ टक्के जणींना मूल झालं, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. आपल्याकडे मात्र २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पीसीओएसमध्ये बीज सुटण्यासाठी पहिलं औषध हेच आहे. आयव्हीएफ बरंच नंतर, त्याआधी इंजेक्शनं वगैरे येतात. गोळीच्या कागदावर स्तनाचा कॅन्सर लिहिलेलं असतं, कारण ती मुळात त्यासाठीची. तसंच मेटफॉर्मिनवर डायबेटीस. कागद वाचून घरात रडारड होण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि हो, मेडिकलमधून आपल्या मनाने आणून घेऊ नका. जुळं राहू शकतं, सोनोग्राफीने लक्ष ठेवावं लागतं.

मोबाइलवरच्या पाळीच्या ॲपबद्दल माझ्या धंद्याला जागून सांगतो. ते मागच्या पाळ्यांची सरासरी काढून पुढची तारीख फेकतं. इनपुट ३५, ८०, ५२ असेल तर आउटपुटला काय किंमत? लघवीवरच्या ओव्ह्युलेशन किटचंही तेच. ते ज्या हार्मोनची वाढ बघतं, तो पीसीओएसमध्ये अनेकींचा आधीच वाढलेला असतो.

आता नवरोबा. उपचार सुरू केले आणि सोनोग्राफीत बीज तयार दिसलं बुधवारी, तर हा शनिवारी येऊन काय करणार? गणपतीला आणि शिमग्याला साहेबाशी भांडून रजा काढता ना, मग या दोन दिवसांसाठीही काढा. किंवा त्या काही महिन्यांपुरतं बायकोला मुंबईला न्या, खोली लहान असली तरी. आणि सगळ्यात आधी स्वतःची वीर्यतपासणी करून घ्या. सगळ्यात सोपी तपासणी ही, आणि सगळ्यात शेवटी होते तीही हीच. तिच्या सोनोग्राफीच्या चार खेपा, बुडालेल्या चार पाळ्यांचा पगार आणि एसटीतले धक्के चालतात, याला एका डबीची लाज!

एरवी वर्षभर वाट बघून डॉक्टरकडे जा म्हणतात. पाळीच अनियमित असेल तर वर्ष कशाला घालवायचं? आणि दिवस राहिले की पीसीओएस आहे हे तिथेही सांगा, गरोदरपणातल्या साखरेचा धोका थोडा जास्त असतो.

हे सगळं करूनही काहींना आयव्हीएफ लागेल, काहींना मूल होणारही नाही. त्याने कुणाची ओटी कमी भरायची नसते. पण जिथे प्रयत्नच दोनदा झालेत तिथे निकाल लावायची घाई कसली? पुढच्या हळदीकुंकवाला कुणी 'दोन वर्षं झाली ना गं?' म्हणालंच, तर आधी विचारा, त्यातले किती दिवस तो घरी होता?