कर्ज एकट्याचे, छप्पर दोघांचे

धाराशिव जिल्ह्यातील एखादा कारभारी राहते घर गहाण टाकतो, तेव्हा हप्ता दोघांच्या घामातून फिटतो. मालकी मात्र एकट्याची राहते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याला गहाणखतावर मालकाची सही पुरते. पत्नीची, वा विवाहाविना संसार करणाऱ्या सहचारिणीची संमती त्याला लागत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने या दोघींनाही राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला. छळ सिद्ध झाल्यास ते घर गहाण टाकण्यास न्यायदंडाधिकारी मनाई करू शकतात. पण कर्ज आधीच उचलले असेल तर ही मनाई काय कामाची? १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेने सातबारावर पत्नीचे नाव लावण्याची वाट काढली खरी. तीही पतीच्या मर्जीवर सोडली.

आता स्त्रीला सहकर्जदार करून घेतात आणि त्याला समता म्हणतात. कर्जावर नाव म्हणजे घरावर नाव नव्हे. आधी मालकीत नाव, मग कर्जावर सही, हीच आमची मागणी आहे. कार्यकर्त्यांनी गावोगावी ग्रामपंचायतीतील घरांची नोंदवही उघडून कामाला आरंभ करावा.