डुक्कर कंपनीचे, पंखा शेतकऱ्याचा



डुकराचा विषय काढला की आपल्या बैठकीत हसू फुटते. हसा, पण ऐका. तोच करार कोंबडीच्या शेडातून आपल्या गावात केव्हाच शिरला आहे.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात दोन कोटींहून अधिक डुकरे आहेत. एकेका बंद शेडात हजार-दोन हजार कोंडलेली. करारात पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड मात्र शेतकऱ्याच्या कर्जातून उभे. खाली फटींची फरशी, तिच्याखाली खोल हौद, त्यात महिनोन् महिने मलमूत्र साठते. मुतातून अमोनिया सुटतो, डोळे झोंबतात. हौदातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. आधी सडक्या अंड्याचा वास येतो, प्रमाण वाढले की नाकच मरते आणि माणसाला वाटते हवा सुधारली! हौद ढवळताना एक कोसळला, त्याला काढायला दुसरा उतरला आणि दोघेही गेले, असे तिथे पुन्हा पुन्हा घडले आहे.

यावर उपाय पंखा. पण हिवाळ्यात पंखा जोरात चालवला की ऊब बाहेर जाते आणि शेड तापवण्याच्या गॅसचे बिल चढते. ते बिल बहुतेक करारांत शेतकऱ्याच्याच माथी. मग तो पंखा कमी करतो आणि तीच हवा छातीत भरतो. आयोवा विद्यापीठाचे केली डॉनहॅम १९७० च्या दशकापासून सांगत आले की या शेडांत राबणाऱ्यांना खोकला आणि दमा जडतो. त्यांना सल्ला काय मिळाला? तोंडाला मास्क लावा! २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषाने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा आपल्यालाही हेच ऐकवले गेले. विष विकणारा शहाणा, श्वास घेणारा अडाणी.

पंख्याने बाहेर फेकलेली हवा शेजाऱ्याच्या घरात जाते. नॉर्थ कॅरोलायनात घाण उघड्या तळ्यात साठवून शेतावर फवारतात. तिथल्या शेजाऱ्यांनी, बहुतेक काळ्या लोकांनी, दावे लावले. ते करारदार शेतकऱ्यावर नव्हे, तर डुकरांच्या मालकावर, म्हणजे स्मिथफील्डच्या मर्फी-ब्राउन कंपनीवर. २०१८ साली ज्युरींनी एकामागून एक निकाल कंपनीविरुद्ध दिले. २०२० साली वरिष्ठ न्यायालयाने कंपनीची जबाबदारी कायम ठेवली आणि कंपनीने तडजोड केली. दरम्यान राज्याच्या विधिमंडळाने असे दावे लावणेच अवघड करून ठेवले होते. सरकार कुठलेही असो, त्याचे नाक कंपनीच्या बाजूला वळलेले!

२०२० च्या कोरोनात कत्तलखाने बंद पडले, डुकरे तुंबली. तेव्हा आयोवात काही शेडांचे पंखे बंद करून, आत उष्णता सोडून हजारो डुकरे मारली गेली. पंखा म्हणजे तिथे श्वास. तो कधी चालवायचा आणि कधी थांबवायचा, हे बाजार ठरवतो.

शेतकऱ्यांमुळे हवा बिघडते म्हणणाऱ्या शहरी पंडितांनी आधी विचारावे, जनावर कोणाच्या मालकीचे? आमचा कराराला विरोध नाही, एकतर्फी कराराला आहे. आपल्या कोंबडीच्या शेडातही पिल्लू आणि खाद्य कंपनीचे. शेड, पंखा, फॉगर आणि विजेचे बिल आपले. शेतकऱ्याला किलोमागे ठरलेली मजुरी. कापूस-ज्वारीत भागत नाही म्हणून पोरगा कर्ज काढून शेड घालतो. मे महिन्यात वीज गेली आणि कोंबड्या तडफडून मेल्या, तर तूट कोणाच्या हिशेबात? जनावर ज्याचे, त्याच्या हवेचा खर्चही त्याचाच, आणि ती हवा खाऊन छाती गेली तर औषधाचाही. हे कागदावर आल्याशिवाय सही करू नका.

ज्यांनी अशा करारावर सही किंवा अंगठा दिला आहे, त्यांनी पुढच्या जिल्हा बैठकीला कराराची प्रत आणि गेल्या वर्षाची वीजबिले आणावीत. कंपनीने प्रत दिलीच नसेल, तर तेवढे एका कागदावर लिहून आणावे.