खेळते भांडवल



गेल्या महिन्यात अकोल्याचे एक तरुण उद्योजक माझ्या अमरावतीच्या घरी आले होते. अकोल्याच्या शाखेत असताना त्यांच्या वडिलांच्या डाळ मिलचे खाते माझ्याकडे होते. त्यामुळे हे गृहस्थ आज पंचेचाळिशीचे असले, तरी माझ्या लेखी घरचेच मूल. वडिलांच्या स्मृत्यर्थ ५० लाख रुपये सत्कार्यी लावण्याचा निश्चय कुटुंबाने केला आहे. धाकट्या मुलाला फुटबॉलचे वेड. त्याच्यासोबत दूरचित्रवाणीवर सामने पाहता पाहता, इंग्लंडमधील धनाढ्य मालक आपापल्या क्लबांसाठी मुलांच्या प्रशिक्षणाची केवढी केंद्रे उभारतात, हे त्यांच्या मनात भरले होते.

"काका, आपली ऐपत तेवढी नाही, हे मला कळते. पण अकोल्यातल्या मुलांसाठी एक फुटबॉल अकादमी काढावी, असे वाटते. नकाशाही काढून आणला आहे."

नकाशा सुबक होता. प्रवेशद्वार होते, वडिलांच्या नावाची कमान होती, प्रेक्षकांसाठी गॅलरी होती, प्रकाशझोताचे खांब होते. मी विचारले, "आठ वर्षांचे मूल आज मैदानावर आले, तर खेळाडू म्हणून ते कितपत तयार झाले, हे ते अठरा वर्षांचे होईल तेव्हा कळेल. ही मधली दहा वर्षे कोण चालवणार?" ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "तो विचार अजून केलेला नाही."

वाचकहो, आमच्या त्या दुपारच्या बोलण्याचा हा सारांश. आपल्यापैकी अनेकांच्या मनात असे एखादे दान घोळत असते, म्हणून तो येथे मांडतो.

प्रथम इंग्लंडमधील मालकांविषयी. अबुधाबीचे शेख मन्सूर यांनी २००८ साली मँचेस्टर सिटी हा क्लब विकत घेतला आणि २०१४ च्या अखेरीस सुमारे २० कोटी पौंड खर्चून ८० एकरांवर प्रशिक्षण-संकुल उभे केले. लेस्टर सिटी या क्लबचे मालक थायलंडमधील श्रीवद्धनप्रभा कुटुंब. त्यातील वडील विचाई यांचे ऑक्टोबर २०१८ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात निधन झाले. तरीही मुलाने काम पुढे नेले आणि २०२० च्या अखेरीस सीग्रेव्ह येथे १८५ एकरांवरील संकुल सुरू झाले. पुढे २०२३ मध्ये हा क्लब सर्वोच्च श्रेणीतून खाली घसरला. सीग्रेव्हची मैदाने मात्र जागच्या जागी आहेत.

या खर्चामागे केवळ औदार्य आहे, असे समजू नये. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने गेल्या दशकात क्लबांच्या तोट्यावर तीन वर्षांसाठी साडेदहा कोटी पौंडांची मर्यादा घातली. परंतु युवा प्रशिक्षण आणि मैदाने-इमारती यांवरील खर्च त्या हिशेबातून वगळला. साहजिकच मालकांचा पैसा त्या दिशेला वळला. दुसरे कारण असे की, घडवलेला खेळाडू विकता येतो. मुदतीच्या आत एखादा खेळाडू दुसऱ्या क्लबकडे गेला, की त्या व्यवहारातील ५ टक्के रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात शिकवणाऱ्या क्लबांमध्ये वाटावी, असा जागतिक फुटबॉल महासंघाचा नियमच आहे. म्हणजे तेथे मुलांचे प्रशिक्षण हे दान आहे, तशी गुंतवणूकही आहे. गुंतवणुकीला परतावा असला की ती टिकण्याचा संभव वाढतो.

आपल्याकडे हा बाजार अद्याप तयार झालेला नाही. येथे क्लबमालकाचा पैसा त्याच्या दुसऱ्याच धंद्यातून येतो आणि त्या धंद्याची भरती-ओहोटी थेट मुलांच्या मैदानापर्यंत पोहोचते. याची उदाहरणे दूर शोधावी लागत नाहीत.

मुंबईचा महिंद्र युनायटेड हा संघ २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता. २०१० मध्ये कंपनीने तो बंद केला आणि शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्याचे ठरवले. पुण्यात अशोक पिरामल समूहाने २००७ साली पुणे फुटबॉल क्लब काढला आणि पुढे मुलांसाठी चांगली निवासी प्रबोधिनीही चालवली. २०१५ मध्ये तो क्लब थांबला. प्रबोधिनी एफसी पुणे सिटी या दुसऱ्या क्लबकडे गेली. २०१९ मध्ये तोही क्लब उरला नाही. बारा वर्षांत एका शहरातील दोन मोठे संघ आले आणि गेले. यात कोणाची नियत वाईट होती, असे मुळीच नाही. खर्च दरसाल वाढतो, उत्पन्न नसते आणि संचालक मंडळाच्या बैठकीत कोणीतरी एक दिवस प्रश्न विचारतो.

गोव्याची कहाणी थोडी निराळी आहे. डेंपो उद्योगसमूहाने १९६० च्या दशकात डिचोलीचा एक क्लब हाती घेतला. २००५ ते २०१२ या काळात या डेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दरम्यान २००९ मध्ये समूहाने आपला खाण व्यवसाय १,७५० कोटी रुपयांना विकला, २०१२ मध्ये गोव्यातील खाणकामच थांबले आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगच्या रचनेवरील मतभेदातून क्लबने तिच्यातून माघार घेतली. पण जुन्या गोव्याजवळील एला येथील मैदान आणि मुलांचे संघ टिकून राहिले. क्लब स्थानिक स्पर्धा खेळत राहिला आणि २०२४ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये परतला. सेसा या खाण कंपनीने १९९९ मध्ये सांखळी भागात सुरू केलेल्या फुटबॉल प्रबोधिनीनेही खाणबंदीची वर्षे निभावून नेली. संघ हा महसुली खर्च आहे. हात आखडला की तो प्रथम जातो. मैदान, प्रशिक्षक आणि शिकणारी मुले यांची घडी नीट बसलेली असेल, तर वाईट काळातही काही उरते.

मी बँकेचा माणूस. आमच्या व्यवसायात एक जुना धडा आहे : अल्प मुदतीच्या ठेवींच्या बळावर दीर्घ मुदतीचे कर्ज देऊ नये. ठेवीदार वर्षाने पैसे मागतो, कर्जदार दहा वर्षांनी देणार असतो, आणि मधल्या मध्ये बँक अडचणीत येते. मुलाचे प्रशिक्षण हे दहा वर्षांचे कर्ज आहे आणि देणगीदाराचा उत्साह ही एका वर्षाची ठेव आहे. मुदतींचा हा मेळ बसला नाही, तर नुकसान देणगीदाराचे होत नाही. ते मुलाचे होते.

असे नुकसान मी जवळून पाहिले आहे. आमच्या परिचयातील एका शिक्षकाचा मुलगा दूरच्या शहरातील एका निवासी अकादमीत निवडला गेला होता. वर ज्यांची नावे आली, त्यांपैकी ती संस्था नव्हे. घरात पेढे वाटले गेले. मुलगा दहावीत असताना, ऐन सहामाहीत अकादमी बंद झाल्याचे पत्र आले. जुन्या शाळेत तो परतला तेव्हा अर्धे वर्ष सरले होते. ते साल वाया गेले आणि त्याहून वाईट म्हणजे त्याचे मैदानावर जाणे सुटले. त्याच्या वडिलांनी मला विचारले, "साहेब, यात आमच्या पोराचे काय चुकले?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कायद्याच्या बाजूनेही विचार करावा. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते आणि ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. पण नफा घटला की रक्कमही घटते. चालू प्रकल्पाची मुदतही सुरुवातीचे वर्ष सोडून फार तर तीन वर्षांची धरली जाते. शिवाय एखाद्या संस्थेच्या स्थायी निधीस दिलेली रक्कम २०२१ पासून या खर्चात धरली जात नाही. म्हणजे ज्या निधीने दहा वर्षांची शाश्वती मिळते, तो कंपनीच्या या तरतुदीतून उभा राहू शकत नाही. तो घरच्या पैशातूनच यावा लागतो. माझ्या अकोल्याच्या पाहुण्यांचा पैसा घरचा होता, ही म्हणूनच मोठी जमेची बाजू.

आपल्या वऱ्हाडाला हे नवीन नाही. अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी येथील पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके तेथे करून दाखवली. शतक उलटले तरी या संस्थेत पहाटे मुले येतात. तिला कोणी एक मालक नव्हता, आणि बहुधा म्हणूनच ती एका माणसाच्या नशिबाशी बांधली गेली नाही. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास झोपडपट्टीतील मुलांना एकत्र करून फुटबॉल सुरू केले; निवृत्तीनंतर हाती आलेल्या पैशातून त्यांनी शहराबाहेर जमीन घेतली. 'झुंड' हा चित्रपट त्यांच्याच कार्यावर बेतलेला. त्यांच्यापाशी अब्जावधी नव्हते. पण आयुष्यभर मुलांमध्ये राहिलेला माणूस मैदानावर हजर होता. प्रशिक्षक हीच अकादमी, भिंती नंतर.

कर्जप्रकरण तपासताना आम्ही दोन रकाने पाहत असू : स्थिर भांडवल आणि खेळते भांडवल. जिनिंगचा कारखाना उभा राहिला, यंत्रे आली, पूजा झाली आणि कापूस घ्यायला पैसाच उरला नाही, अशी प्रकरणे माझ्या नोकरीत किती तरी आली. यंत्रांना गंज चढे आणि मालक आमच्या दारात बसे. नकाशातली अकादमी मला तशीच दिसली. मी त्यांना म्हणालो, "बाबा रे, तुझ्या नकाशात स्थिर भांडवल सगळे आहे. खेळते भांडवल कुठे आहे? आणि हे तर खेळाचेच काम!"

मग आम्ही कागद घेऊन बसलो. जमीन विकत घ्यायची नाही. ज्या शाळेला मोठे मैदान आहे, तिच्याशी लेखी करार करायचा. १० लाखांत मैदान सपाट करणे, पाण्याची सोय, मुलींसाठी स्वच्छतागृह आणि उन्हापासून आडोसा. अकोल्याचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आडोशाचे महत्त्व सांगायला नको. उरलेले ४० लाख कायमनिधी म्हणून विश्वस्त संस्थेकडे ठेवायचे. सरासरी ७ टक्के व्याज धरले, तर वर्षाला २ लाख ८० हजार होतात. त्यातील ४० हजार दरसाल मुद्दलात परत मिळवायचे, म्हणजे महागाईने निधी अगदीच झिजणार नाही. उरतात २ लाख ४० हजार, म्हणजे महिन्याला २० हजार. त्यात सकाळ-संध्याकाळ येणाऱ्या एका प्रशिक्षकाचे मानधन, चेंडू, आणि सरावानंतर मुलांना भिजवलेले चणे व गूळ एवढे निभते. निवासी अकादमी यात होत नाही. पण मूल घरी राहते, आपल्याच शाळेत शिकते, आणि ते मोठे खेळाडू झाले नाही, तरी त्याचे साल वाया जात नाही.

आकडे पाहून त्यांचा चेहरा थोडा उतरला. "काका, एवढ्या पैशात एकच प्रशिक्षक?"

"एकच," मी म्हणालो, "पण दहा वर्षांनीही तो तिथे असेल."

"मग बाबांचे नाव कुठे लावायचे?"

याचे उत्तर त्यांच्याच वडिलांच्या खात्यात होते. दर महिन्याच्या ३० तारखेला मिलमधील मजुरांच्या पगाराची रक्कम काढायला ते स्वतः शाखेत येत. हंगाम वाईट गेला, तरी ती तारीख त्यांनी कधी चुकवली नाही. मी ही आठवण सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. निघताना नकाशाची गुंडाळी माझ्या टेबलावरच राहिली. विसरली की ठेवली, ते मी विचारले नाही.

आठवड्याभराने त्यांचा फोन आला. कमान रद्द झाली आहे. आईच्या आग्रहाखातर मैदानाच्या कडेला एक छोटी पाटी लागेल. तेवढे योग्यच आहे. एका शाळेशी बोलणी सुरू आहेत. शाळा पाच वर्षांच्या करारास तयार आहे. आम्ही दहावर अडून बसलो आहोत. कारण आज आठ वर्षांचे असलेले मूल पाच वर्षांनी तेरा वर्षांचे होईल, आणि नेमके तेव्हाच त्याला मैदानाची सर्वाधिक गरज असेल.