जमिनीचा भाव ही पत नव्हे

कर्ज देताना ऋणकोची पत पाहावी, हा व्यवहारातील जुना नियम आहे. परंतु पत म्हणजे काय? जमिनीचा बाजारभाव, की त्या जमिनीतून दरसाल घरात येणारे उत्पन्न? हल्ली भावासच पत म्हणण्याचा प्रघात पडत चालला आहे. आणि तो शेतकऱ्यास व धनकोस सारखाच घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आमच्या हिमायतनगरासारख्या तालुक्याच्या गावी रस्त्यालगतच्या एखाद्या शेतात प्लॉटचे दगड रोवले गेले, की शेजारच्या कोरडवाहू रानाचाही भाव चढतो. रान तेच, पाऊस तोच, सोयाबीनचा उताराही तोच. समजा, अशा एका एकराचा भाव १५ लाख रुपये झाला, आणि सोयाबीन व हरभरा मिळून खर्च वजा जाता त्यात ३० हजार रुपये शिल्लक राहिले. भावाच्या निम्मे, म्हणजे साडेसात लाख रुपये, शेकडा १२ दराने कर्जाऊ दिले, तर वर्षाचे व्याजच ९० हजार होते. तीन वर्षांचे पीक एका वर्षाच्या व्याजातच संपते. मग मुद्दल फिटावे कशातून? जमीन विकूनच. म्हणजे जे कर्ज जमीन राखण्याकरिता काढले, ते फेडण्यास जमीनच घालवावी लागते.

हा धडा महाराष्ट्रास नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला व आपल्या कापसास न भूतो असा भाव आला. तो पैसा मुंबईत सट्ट्यात शिरला. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅकबे कंपनीच्या भागांवर लोक तुटून पडले. म्हणजे जी जमीन अद्याप पाण्याखाली होती, तिच्या भावावर श्रीमंती मोजली जाऊ लागली. १८६५ साली युद्ध संपले, कापूस उतरला, आणि भागांच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिलेली बँक ऑफ बॉम्बे १८६८ साली बंद झाली. पुणे व नगर जिल्ह्यांतील सावकारांनीही तेजीत रयतेस सैल हाताने पैसा दिला होता. मंदी आली, साऱ्याची वाढ झाली, आणि न्यायालयाच्या हुकूमनाम्यांनी जमिनी सावकारांकडे जाऊ लागल्या. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे रयत उठली व तिने कर्जरोखे जाळले. पुढे १८७९ साली झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने, रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा खरा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास दिला.

अमेरिकेतही निराळे घडले नाही. घरांचे भाव चढतच राहणार, या भरवशावर तेथील पेढ्यांनी ऋणकोची मिळकत न पाहता घरे गहाण घेतली. भाव उतरले तेव्हा कर्जेही बुडाली, आणि १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स या पेढीने दिवाळे जाहीर केले. १८५० साली अलाबामा प्रांतात कापसाच्या व्यापारावर उभी राहिलेली ही पेढी अखेरीस घरांच्या गहाणांखाली गाडली गेली.

भावावर डोळा ठेवणाऱ्या सावकारास कर्जाची फेड नको असते, जमीन हवी असते. म्हणूनच तो गहाणखत न मागता खरेदीखत मागतो. "पैसे फिटले की रान परत फिरवून देऊ," असे तोंडी सांगतो. आम्ही महसूल खात्यात कारकुनी केली. काल गहाण म्हणून सांगितलेले रान आज खरेदीने फेरफारास आले व मूळ मालक त्याच बांधावर बटाईने राबू लागला, असे प्रकार आमच्या पाहण्यात वारंवार आले आहेत. वाचकांनी हे पक्के ध्यानात ठेवावे, की जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर १९२९ सालच्या दुरुस्तीनंतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे तो व्यवहार गहाण मानला जात नाही. परवान्याविना सावकारी करणाऱ्याने जमीन अशी बळकावली असल्यास मात्र २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वये जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व मागील १५ वर्षांतील व्यवहार तपासून जमीन परत देवविण्याचा अधिकार त्यास आहे.

कोणी म्हणेल, उत्पन्न पाहूनच कर्ज द्यावयाचे तर विहीर, पाइपलाइन यांसाठी लहान शेतकऱ्यास कोण उभे करील? आक्षेप खरा आहे. अशाच दीर्घ मुदतीच्या कर्जासाठी भूविकास बँक होती. ती थकबाकीखाली दबून बंद पडली, आणि २०२२ साली राज्य सरकारास तिच्या सुमारे ३५ हजार ऋणकोंचे सुमारे ९६४ कोटी रुपये माफ करावे लागले. त्या जमिनी कागदोपत्री गहाण होत्याच. परंतु वसुली कागदातून होत नाही, पिकातून होते. यास्तव दीर्घ मुदतीचे कर्ज अवश्य द्यावे; मात्र विहिरीस पाणी लागल्यावर जे वाढीव पीक येईल त्यावर हप्ता बसवावा, आणि पैनगंगेच्या पुराने वा अवर्षणाने पीक गेले तर त्या वर्षाचा हप्ता पुढे सरकावा, ही अट करारातच असावी.

आमच्या शेतकरी बंधूंस तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत. वर्षाचा हप्ता खर्च वजा जाता उरणाऱ्या शिलकीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक होऊ देऊ नये. कर्जाच्या तारणास गहाणखतच करावे, खरेदीखतावर कदापि सही करू नये. आणि कर्ज फिटताच वा माफ होताच दाखला घेऊन तलाठ्याकडे जावे व सातबाऱ्याच्या इतर हक्कांतील बोजा कमी करवून घ्यावा; फिटलेल्या कर्जाचा बोजा राहिला, तर पुढील कर्जाची वाट त्यानेच अडते. आपल्या सोसायट्यांनीही कर्जाच्या अर्जावर जमिनीच्या भावाआधी तीन सालांच्या पिकाचा रकाना ठेवावा. रानाचा भाव विकणाऱ्याच्या उपयोगी. कसणाऱ्याचे पोट पिकावर भरते.