अनुभवाच्या रकान्यात शून्य

फाल्गुन लागला की इंदूरजवळच्या राऊतल्या गच्च्या बटाट्याच्या वेफर्सनी पांढऱ्या होतात. राऊ-महूचा पट्टाच बटाट्याचा. आमच्या शेजारच्या वहिनी लग्न होऊन इथे आल्या त्याला २२ वर्षं झाली. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्या गच्चीत जुन्या सुती साड्या अंथरल्या जातात आणि माहेरी, नणंदांकडे, दिरांच्या ऑफिसात डबे भरभरून वेफर्स जातात. यंदा त्यांनी ते विकायचं ठरवलं आणि एका छोट्या कर्जाचा अर्ज घेऊन माझ्याकडे आल्या. भरता भरता एका रकान्यापाशी पोचल्या : ‘कामाचा अनुभव’. क्षणभरही न थांबता त्यांनी तिथे शून्य लिहिलं.

माझं भांडण त्या शून्याशी आहे.

पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईने काही नवं हाती घेतलं की तिला दोन तऱ्हेची माणसं भेटतात. एक म्हणतात, ‘या वयात कशाला आता ही दगदग?’ त्यांना उत्तर द्यायला फार वेळ लागत नाही, ते कामानेच दिलं जातं. दुसरी माणसं कौतुकाने बोलतात : ‘जबाबदाऱ्या संपल्या, आता स्वतःसाठी जग. दुसरी इनिंग सुरू कर.’ मला भीती वाटते ती याच बोलण्याची, कारण ते गोड आहे आणि आम्हा बायकांनाही पटकन पटतं. पण त्याचा अर्थ नीट लावून पाहा. म्हणजे पहिली वीस-बावीस वर्षं तिची नव्हतीच. त्यांतून तिच्या हाती काही लागलं नाही, ती आता कुठे जगायला लागणार. वहिनींनी लिहिलेलं शून्य याच कौतुकातून आलेलं आहे.

शिवाय जबाबदाऱ्या संपल्या हे खरं तरी आहे का? या वयात मुलं दहावी-बारावीला असतात, सासूबाईंचे गुडघे धरलेले असतात, आणि पाळी जाण्याचे दिवस आले की रात्री अंगाची लाही होऊन झोप उडते, त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता. पुरुषांपैकी मुळात चौथा हिस्साच या कामाला हात लावणारा, आणि त्यांची सरासरी ९७ मिनिटं. पाच तासांचं हे काम पंचेचाळिसाव्या वाढदिवशी कुणी काढून घेत नाही. तेव्हा फावल्या वेळात फुलणाऱ्या बाईचं चित्र मला मान्य नाही. फावला वेळ तिच्याकडे नसतोच.

आता आमच्या इंदूरकडेच पाहा. इथे विद्यापीठाला, विमानतळाला अहिल्याबाईंचं नाव आहे, राजवाड्यासमोर त्यांचा पुतळा आहे. त्यांची गोष्ट आपण अशी सांगतो : १७५४ मध्ये कुंभेरला पती गेले, १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले, १७६७ मध्ये मुलगा मालेराव गेला, आणि बेचाळिसाव्या वर्षी या एकाकी बाईने राज्य हाती घेतलं. जणू दुःखातून एकाएकी तेज प्रकटलं. मला ही गोष्ट अपुरी वाटते. मल्हाररावांनी १७६५ मध्ये सुनेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तोफखान्याची आणि दारूगोळ्याची तजवीज कर, अशा सूचना त्यात आहेत. सासरे मोहिमेवर असताना मागचा कारभार, पैसा, रसद यांत ही बाई वर्षानुवर्षं गुंतलेली होती. बेचाळिसाव्या वर्षी कारभाराची अक्कल नव्याने आली नाही, ती आधीपासून होती.

मग नवं काय झालं? १७६५ मध्ये सूचना त्यांच्याकडे येत होत्या, १७६७ नंतर हुकूम त्यांच्याकडून जाऊ लागले. आणि हेच तेव्हाच्या कारभाऱ्याला खुपलं. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी सुचवलं, एखादं मूल दत्तक घ्यावं आणि बाईंना वेगळी भरपूर नेमणूक लावून द्यावी. आजच्या भाषेत सांगायचं तर पैशाची काळजी नको, आता स्वतःसाठी जगा. अहिल्याबाईंनी ते साफ नाकारलं. राघोबादादा फौज घेऊन आले, तेव्हाही त्या हटल्या नाहीत. पेशवे माधवरावांनी त्यांचा हक्क मान्य केला आणि पुढे १७९५ पर्यंत, मरेपर्यंत, कारभार त्यांच्याच हाती राहिला. त्या बाईला सन्मानाने बाजूला बसवणारं कौतुक नको होतं, अधिकार हवा होता.

कुणी म्हणेल, प्रत्येकीला मल्हारराव भेटत नाहीत. अगदी खरं. म्हणून तर बोलायचं. घरोघरी कामं सुनेवर सोपवली जातात, पण ती सोपवल्याचा कागद कुठेच नसतो. एखादीचंच मोजलं जातं. सुमित्रा महाजन चिपळूणहून लग्न होऊन इंदूरला आल्या, एम.ए. आणि एल्‌एल.बी. इथेच केलं, १९८२ मध्ये नगरसेविका झाल्या आणि १९८९ मध्ये, शेहेचाळिसाव्या वर्षी, पहिल्यांदा खासदार. त्यांचं राजकारण पटो न पटो, मधल्या सगळ्या वर्षांचं काहीतरी मोजलं गेलं आणि त्यातून पुढचं दार उघडलं, हे मात्र कुणाला नाकारता येणार नाही. बहुतेकींचं काहीच मोजलं जात नाही.

अगदी कोरं नवं काही सुरू करणाऱ्याही असतात, पोहायला किंवा सतार शिकायला जाणाऱ्या, आणि त्यांचा आनंद मला कमी लेखायचा नाही. पण त्यांनाही रोज एक तास लागतो. तो तास घरातल्या कुणाच्या तरी वाट्याला काम देऊनच मिळतो. कौतुक करणाऱ्याने आधी संध्याकाळची कणीक मळून दाखवावी, ही माझी साधी मागणी आहे.

वहिनींना मी घरी पाठवलं आणि जुनी कालनिर्णयं आणायला सांगितली. अकरा निघाली. प्रत्येकाच्या फाल्गुनाच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं : बटाटा किती मण, काय भावाने, तुरटी किती, कोणत्या दिवशी ऊन कमी पडलं म्हणून चकत्या काळ्या पडल्या, कोणाकडे किती डबे. एका वर्षी समासात नोंद होती, ‘महूचा बटाटा जुना, गोड लागतो, पुढच्या वेळी नको.’ त्या वाचत बसल्या, मग म्हणाल्या, ‘हे सगळं मी लिहिलंय होय?’

खोडरबर माझ्याकडे नव्हतं. त्यांनी शून्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : २२ वर्षं.